हवालदारांचं ताक

मी जत्रेत ताक पीत नाही. लग्नाच्या पंगतीत कोशिंबीर आली की पानावर हात आडवा धरते. उसाच्या रसात बर्फ नको म्हणून रसवाल्याला आधीच बजावते, आणि कुणाच्या बारशाला गेलेच तर घुगऱ्यांतून वाफ निघते आहे की नाही ते लांबूनच बघून घेते. माझ्या नणंदा याला सोवळं म्हणतात. आमचे हे तर पाहुण्यांना सांगतात, "दुधानं तोंड पोळलं की माणूस ताक फुंकून पितो. आमच्याकडं ताक बघूनच पळतात." हसू देत. सांगलीतल्या एका इस्पितळाच्या प्रयोगशाळेत माझी सगळी नोकरी लोकांच्या जुलाबांचे नमुने तपासण्यात गेली. गेल्या वर्षी मी निवृत्त झाले, भीती मात्र अजून नोकरीतच आहे.

हळदीकुंकवाला कुणी विचारलं, "तुम्ही लॅबमध्ये म्हणजे रक्त तपासता?" तर मी "तसंच काहीतरी" म्हणून विषय बदलायची. समोरच्या बाईच्या हातात करंजी असताना खरं काय सांगणार? इथे मात्र सांगून टाकते, कारण त्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

पोट बिघडवणारे जंतू सूक्ष्मदर्शकाखाली दिसतात, पण बहुतेक सगळे एकसारखे दिसतात. बारीक कांड्या, बस. नुसतं तोंड बघून त्यातला साव कुठला आणि चोर कुठला ते ओळखता येत नाही. मग त्यांना वाढवावं लागतं. प्लास्टिकच्या चपट्या डबीत खरवसासारखं थिजलेलं खाद्य असतं, त्या डबीला आम्ही प्लेट म्हणतो. तारेच्या बारीक कडीने नमुना त्यावर ओढायचा आणि अंगाच्या उबेइतक्या गरम कपाटात रात्रभर ठेवायचा. एकेका जंतूची सकाळपर्यंत टाचणीच्या डोक्याएवढी वसाहत होते. या खाद्यात दुधातली साखर घातलेली असते. ती साखर खाणारे गुलाबी होतात; ते बहुतेक आपल्या सगळ्यांच्या आतड्यात राहणारे घरचेच रहिवासी. जे ती खात नाहीत ते बिनरंगी राहतात, आणि संशय घ्यायचा तो त्यांचा. मग त्यांना वेगवेगळं खायला घालून बघायचं. हा वायू सोडतो का, काळा पडतो का, थेंबात पोहतो का? शेवटी ठरावीक औषधाचा थेंब घालायचा. ओळख पटली की त्या थेंबात जंतूंच्या गुठळ्या होतात, दूध नासतं तशा. या सगळ्याला वेळ लागतो, आणि जंतू कुणाच्या ओळखीने लवकर वाढत नाही. नगरसेवकाचा फोन आला तरी नाही.

गिऱ्हाइकं एकेक भेटली. महाबळेश्वरचे एक हॉटेलवाले स्ट्रॉबेरी-क्रीमचा डबा आणि वर चमचाही घेऊन आले होते. "जरा चव घेऊन सांगा ना, यात काही दोष आहे का," असं त्यांनी अगदी मनापासून विचारलं. कराडच्या एका लग्नात वरात निघायच्या आत निम्मं वऱ्हाड ओकायला लागलं, तेव्हा मी नमुन्यांआधी आचाऱ्याचे हात बघायला मागितले. जेवणानंतर इतक्या लवकर उलट्या झाल्या तर जंतू अन्नात आधीच विष करून बसलेला असतो, आणि तो पुष्कळदा पिकलेल्या बोटातून येतो. आचाऱ्याच्या अंगठ्याला चिंधी होती. "हे होय? हे तर कवाचं हाय," तो म्हणाला. वऱ्हाड दुसऱ्या दिवशी उठून बसलं, आणि ती हकिगत मी अजून हसत सांगते.

शिगेलाची हकिगत मला हसत सांगता येत नाही. हा जंतू रक्ती आव आणतो. दुसऱ्या पुष्कळ जंतूंना माणूस आडवा करायला मोठी फौज लागते, याला मूठभर पुरतात. नमुना हाताळताना जराशी चूक झाली तरी तो तपासणाऱ्याच्या पोटात जातो. आमच्यातली एक मुलगी तशी आजारी पडली होती, आणि तिला बघून आल्यापासून मी घरी गेल्यावर आंघोळ केल्याशिवाय माझ्या मुलाला जवळ घेत नसे. तो लहान होता, दारातच कमरेला मिठी मारायला यायचा, आणि मी त्याला ढकलून मोरीकडे पळायची.

जत तालुक्यातल्या एका गावाहून भागू आली ती याच जंतूची शिकार होऊन. पूर्ण नाव भाग्यश्री, वय सहा. बाप फौजेत, दूर सरहद्दीवर. सोबत आई सुनंदा, आजी मालाक्का आणि आजोबा. आजोबा स्वतः फौजेतून निवृत्त झालेले हवालदार, ताठ, पिकल्या मिशांचे. गावात त्यांना सगळे हवालदारच म्हणायचे, आम्हीही तेच म्हणू लागलो. पोरीला ताप होता, पोटात मुरडा होता, आणि थोड्या थोड्या वेळाने नुसतं रक्त आणि आव पडत होती. गावात आणखी काही मुलं आजारी होती, पण इतकं कुणाला नव्हतं.

नमुना आला तेव्हा माझ्या हाताखालचं सगळं बाजूला ठेवून मी प्लेट लावली. शिगेला नाजूक असतो, नमुना पडून राहिला तर मरून जातो आणि मग कितीही शोधा, सापडत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्यात आधी मी ते कपाट उघडलं. प्लेटवर गुलाबी ठिपके थोडे होते. बाकी सगळीकडे बिनरंगी, पाण्याच्या थेंबासारखे. त्यातला एक थेंबात घेऊन बघितला. पोहत नव्हता, गप पडून होता. आमच्या डॉक्टर मॅडम माझ्या खांद्यावरून बघत होत्या. वयाने माझ्यापेक्षा लहान, पण नजर घारीची. त्या एवढंच म्हणाल्या, "ताई, वॉर्डात फोन करा. पक्कं नाव उद्या, पण औषध आत्ताच सुरू होऊ दे."

मग प्रश्न आला की गावात हा कुठून शिरला. गावची जत्रा तोंडावर होती. मुख्य दिवसाच्या आधीपासूनच माणसं मेंढरं घेऊन चालत येतात. त्या उन्हात त्यांच्यासाठी हवालदार दर वर्षी देवळापुढे ताक ठेवायचे. मुलगा सरहद्दीवरून सुखरूप यावा म्हणून बोललेला तो नवस होता. आजारी पडलेली सगळी मुलं ते ताक प्यायलेली होती.

"ताकाला दोष दिऊ नका मॅडम," हवालदार म्हणाले. "टँकरचं पाणी मी स्वता उकळून घेतो. ड्रम झाकलेला. वगराळ्यानं वाढायचं, कुणी हात घालायचा न्हाई. पलटणीत पाण्याची शिस्त शिकलोय."

"मग ताक तपासू द्या," मॅडम म्हणाल्या. "आणि तोवर वाटप बंद."

ताक दुसऱ्या दिवशी आलं, मालाक्कांच्या हातून, स्टीलच्या कडीच्या डब्यात. मी प्लेटा लावल्या. ताक जरा फाटल्यासारखं दिसत होतं, पण जतहून सांगलीपर्यंत एसटीत हिंदकळून आलेलं ताक आणखी कसं दिसणार, असं मला वाटलं.

त्याच दिवशी भागूचं पक्कं नाव हाती आलं. औषधाच्या थेंबात गुठळ्या इतक्या लगेच झाल्या की मी काच खाली ठेवली आणि हात धुऊन आले. शिगेलाचा सगळ्यात वाईट भाऊबंद होता तो. तो आतड्यावर थांबत नाही. त्याचं विष लहान मुलांच्या मूत्रपिंडांपर्यंत पोचतं. वॉर्डातून कळलं की पोरीची लघवी कमी झाली आहे आणि सुरू केलेलं औषध लागू पडत नाही.

जंतू कुठल्या औषधाला मरतो तेही आम्हालाच बघायचं असतं. प्लेटभर जंतू पसरून त्यावर औषधांच्या बारीक टिकल्या ठेवायच्या. ज्या टिकलीभोवती रिकामं वर्तुळ पडेल ते औषध चालतं. मी टिकल्या ठेवल्या आणि कपाट बंद केलं. आता वाट बघण्यापलीकडे कुणाच्याच हातात काही नव्हतं. व्हरांड्यात सुनंदा बसलेली असायची. मी दिसले की उठून उभी राहायची आणि काही विचारायची नाही. तिने विचारलं असतं तर बरं झालं असतं. मी तिच्या समोरून जायचं टाळून मागच्या जिन्याने ये-जा करू लागले.

सकाळी दोन्ही उत्तरं एकदम मिळाली. भागूच्या प्लेटवर एका टिकलीभोवती चांगलं रुंद वर्तुळ होतं, एकाच. मॅडम ते बघून स्वतः वॉर्डाकडे पळाल्या. ताकाच्या प्लेटा मात्र कोऱ्या होत्या.

तेवढ्यात फोन वाजला. जत्रा कमिटीचे अध्यक्ष होते. "ताकात काय निघालं का, ताई?"

"काही उगवलेलं दिसत नाही."

"मग झालं की. उद्या मुख्य दिवस हाय. ड्रम भरायला सांगतो. बर्फाच्या लाद्याबी येऊन पडत्यात सांजच्याला. एवढ्या उनात लोकांनी काय प्यावं?"

"थांबा," मी म्हटलं. "मी सांगितल्याशिवाय काही करू नका."

ते म्हणाले, "आवं, तुमीच म्हणताय काय न्हाई म्हणून."

मी म्हणाले होते खरं. पण त्या प्लेटा जरा जास्तच कोऱ्या होत्या. ताक म्हणजे जिवंत जिन्नस. त्यात रोगाचा जंतू असो नसो, विरजणाचे असतातच, आणि माझ्या एका प्लेटवर त्यांनी तरी उगवायला हवं होतं. मी ताकाचा थेंब काचेवर रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली घातला. विरजणाचे जंतू तिथे खच्चून भरलेले होते. म्हणजे होते सगळे, पण एकही वाढत नव्हता. सगळे मेलेले होते.

मी मालाक्कांना शोधत वॉर्डापाशी गेले. त्या जिन्याच्या पायरीवर पदर तोंडाला लावून बसल्या होत्या.

"अक्का, हे ताक तुम्ही आणताना काय केलंत?"

"काय केलं? काय न्हाई."

"गरम केलंत का?"

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की यात विचारायचं ते काय. "उकळून दिलं की. आवं, पोरास्नी बाधल्यालं ताक. तुमी पोरीबाळी ते हाताळणार, हुंगणार. तुमाला काय झालं असतं तर? माझीच पोर हितं पडलीया, आनी कुणाच्या पोरीला त्रास कशाला? चांगल्या तीन उकळ्या दिल्या."

मी त्यांच्याशेजारी पायरीवर बसले. आयुष्यात माझ्या नमुन्यांची लोकांनी नाना तऱ्हांनी वाट लावली होती, पण माझी काळजी वाटून कुणी लावली नव्हती. रागवायचं कुणावर आणि कसं? आणि अध्यक्षांचे ड्रम तर तिकडे भरायला लागले असतील.

तेवढ्यात हवालदार चहा घेऊन आले. मी म्हटलं, "हवालदार, ताक कसं करता ते मला पहिल्यापासून सांगा. काही गाळू नका."

त्यांनी परेडचा अहवाल द्यावा तसं सांगितलं. दूध घरच्या म्हशींचं, तापवून विरजलेलं. पाणी उकळून, कापडातून गाळून, रात्रभर निववलेलं. ड्रम सोड्याने घासलेला. मीठ, जिरं, कोथिंबीर. सगळं ठीक चाललं होतं आणि माझा धीर सुटत चालला होता.

"आनी मग वर बर्फ," ते म्हणाले.

"कुठला बर्फ?"

"लादी. पिकअपमधनं येती, गोणपाटात गुंडाळून. धुऊन फोडायची आनी ड्रमात सोडायची."

"धुऊन कशाने?"

"टँकरच्या पाण्यानं." मग माझा चेहरा बघून ते घाईने म्हणाले, "पर बर्फात कसलं जंतू, ताई? गारठून मरतील की."

असं गावोगाव सगळेच समजतात. गारठ्याने जंतू मरत नाहीत, झोपतात. पोटात ऊब मिळाली की उठतात. ती लादी तर खाण्यापिण्यातली नव्हतीच, नुसता माल गार ठेवण्यासाठीची होती. कसल्या पाण्याची आणि कुठल्या फरशीवरून ओढलेली, कोण जाणे; वर धुतलेली तीही न उकळलेल्या पाण्याने. माणसाने पाणी उकळून, गाळून, झाकून ठेवलं आणि शेवटी स्वतःच्या हाताने त्यात बर्फ सोडला. आणि चोर सोडून संन्याशाला फाशी द्यावी तसे आम्ही ताकाच्या मागे लागलो होतो.

मी हे सांगितलं ते हवालदारांनी चहा हातात धरूनच ऐकलं. त्यांनी पेला पायरीवर ठेवला आणि खिशातून मोबाईल काढला. अध्यक्षांना त्यांनी ओरडून नाही, अगदी हळू आवाजात सांगितलं, "लादी गाडीतनं उतरू दिऊ नका. रसवाल्याला न्हाई, गोळेवाल्याला न्हाई. उतरली तर माझ्याशी गाठ हाय. व्हय. माझा नवस मोडला तरी मोडू द्या." इकडून मॅडमनी तालुक्याच्या आरोग्य खात्याला कळवलं. पिकअप वेशीवरच अडवला गेला. त्या बर्फाचं पाणी आमच्याकडे आलं तेव्हा त्यात शिगेला हाती लागला नाही, पण मैल्यातले जंतू भरपूर निघाले. एवढं पुरे होतं. मुख्य दिवशी लोकांनी उकळून निववलेलं पाणी प्यायलं, उन्हाला आणि कमिटीला शिव्या दिल्या, आणि धडधाकट घरी गेले. त्यातल्या किती जणांच्या पोटात काय जायचं राहिलं हे त्यांना कधीच कळणार नाही. टळलेल्या आजाराची बातमी होत नसते.

भागूचं मात्र काही टळलेलं नव्हतं. नवं औषध सुरू झालं होतं, रक्त थांबत आलं होतं, पण लघवी बंदच होती. चेहरा सुजून डोळे बारीक झाले होते. मूत्रपिंडं परत कामाला लागतील की नाही, हे कुठलीच प्लेट सांगू शकत नव्हती. फौजेतला बाप फोन करायचा आणि हवालदार "बरी हाय" एवढं बोलून फोन सुनंदाकडे द्यायचे. एका संध्याकाळी मी निघाले असताना त्यांनी मला फाटकापाशी गाठलं.

"ताई, एक इचारू? लादी फोडताना ती शेजारी बसायची. मला दे म्हणायची. मी बर्फाचा खडा तिच्या तोंडात घालायचो. रोज. ताक प्यालेली पोरं लय हायत, पर एवढी आजारी ही एकटीच. त्या खड्यानंच का?"

मला उत्तर माहीत होतं आणि त्यांनाही. मी म्हटलं, "हवालदार, ते कुणालाच सांगता यायचं नाही." मी रिक्षा पकडली. घरी जाईपर्यंत माझा जीव थाऱ्यावर नव्हता. ही पोर गेली तर हा माणूस तिच्यामागे फार दिवस राहणार नाही, असं मला राहून राहून वाटत होतं.

पोर गेली नाही. एका सकाळी वॉर्डातल्या सिस्टर लघवीची बाटली वर धरून व्हरांड्यातून चालत आल्या आणि सुनंदा इतक्या दिवसांत पहिल्यांदा रडली. भागू घरी गेली तेव्हा तिच्या हातापायांच्या नुसत्या काड्या झाल्या होत्या, पण चालत गेली.

आमच्या लेखी केस संपली होती. हवालदारांच्या लेखी नव्हती. काही दिवसांनी ते एकटेच आले आणि माझ्या टेबलासमोर दोन्ही हात पालथे-उताणे करून उभे राहिले. "तपासा." मी ओल्या बोळ्याने हातांचा नमुना घेतला. शौचाचा नमुना त्यांनी न मागताच आणला होता. काही निघालं नाही. रिपोर्ट घडी करून खिशात घालून ते जतच्या एसटीला गेले. मग पुन्हा आले. पुन्हा काही नाही. मग पुन्हा. हात इतके धुतलेले की बोटांच्या सांध्यांवर कातडी फाटली होती. मालाक्का एकदा सोबत होत्या, त्या मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "पोरगी आज्ज्याच्या मागं लागती, भरव म्हणती. ह्यो उठून रानात जातो. जवळ घेत न्हाई, शिवत न्हाई. तुमी काय तरी सांगा की ह्येस्नी."

मी मॅडमना सांगितलं. मॅडमनी छापील रिपोर्टचा कागद ओढला, आणि जिथे जंतूचं नाव लिहितात तिथे स्वच्छ मराठीत लिहिलं: नातीला भरवण्यास हरकत नाही. खाली सही केली, शिक्का मारला.

हवालदारांनी तो कागद उभ्या उभ्या वाचला. मग चष्मा पुसून परत वाचला. मला वाटलं, आता घडी करतील आणि हसतील. त्यांनी विचारलं, "ताई, ह्यो कागद किती दिवस चालंल?"

प्रयोगशाळेचा कुठलाही कागद नमुना घेतला त्या घटकेपुरताच खरा असतो. पुढच्या घटकेचं आम्हाला काही ठाऊक नसतं, म्हणून तर मी आजही ताक पिणाऱ्या लोकांकडे भीतीने बघते. सगळ्या नोकरीत मी रिपोर्टबद्दल कुणाला खोटं सांगितलं नव्हतं.

"कायमचा," मी म्हटलं.